बोटं चालू आहेत

"अजून आहेच!" डॉक्टर काटुरामुंनी पडद्याकडे बघून दातओठ खाल्ले.

गाठ सगळी निघाली, असं त्यांना वाटलं होतं. उघड्या मेंदूवर सोनोग्राफीचा दांडा टेकवला, तर पोकळीच्या कडेला पांढरा डाग. शेंगदाण्याएवढा. मघाशीही तिथंच होता. त्यात ते यंत्र प्रसूती विभागातून मागून आणलेलं. आमचं आम्हाला द्या, म्हणून तिकडून सारखे निरोप येत होते.

हिरव्या कापडाच्या पलीकडे नान्तेझा टक्क जागी होती. मेंदूला सुरी कळत नाही, म्हणून तिला झोपवलं नव्हतं. वांडेगेयाच्या बाजारात ती बायकांच्या वेण्या घालते. "उजवा हात तेवढा वाचवा, मुसावो," एवढंच तिनं डॉक्टरांकडे मागितलं होतं; मुसावो म्हणजे तिच्या भाषेत डॉक्टर. म्हणून सिस्टर नाब्विरे खोट्या केसांचा झुपका धरून बसल्या होत्या आणि नान्तेझा तो विणत होती. बोटं चालू, तर हात शाबूत.

"नीट धरा की हो सिस्टर! केस आहेत ते, मेलेला साप नाही."

"धरलेत गं बाई. तू विण. डॉक्टर, बोटं चालू आहेत."

इथं कापलं तर काय जाईल ते बघायला डॉक्टरांनी डागापाशी विजेची बारीक काडी टेकवली. बोटं अडकली. काडी उचलली. बोटं सुरू. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच.

"छे! हात लावावा तर हिची बोटं जातात, न लावावा तर हे ढिम्म बसलंय!"

"काय बसलंय?" नान्तेझानं विचारलं.

"गाठीचा तुकडा, न्याबो." बायकांना डॉक्टर अशीच मानानं हाक मारत. " बोटांच्या जागेलाच चिकटलाय."

"राहिला तर?"

"वाढेल. वर्ष, फार तर दीड वर्ष."

"आणि काढला तर?"

"बरीच वर्षं मिळतील. पण हात जाईल." वैतागानं त्यांचा आवाज चढला. "तुम्हीच हात मागितलात ना?"

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, सगळी निघेल."

बाहेरच्या बाकावर नान्तेझाची पहिलीतली पोर मावशीच्या मांडीवर बसून उकडलेलं मक्याचं कणीस खात होती.

"राहू दे. बंद करतो," डॉक्टर म्हणाले. काडी त्यांनी ट्रेमध्ये टाकली.

"डॉक्टर!" सिस्टर ओरडल्या. "बोटं थांबली!"

"कशी थांबतील? मी हातच लावलेला नाही!" कुठं रक्त साचलं की काय, म्हणून डॉक्टर पडदा धुंडाळू लागले. "न्याबो, ऐकू येतंय? बोटं हलवा. हलवा म्हणतोय ना!"

कापडामागून वैतागलेला आवाज आला.

"ओरडू नका, मुसावो. बोटांना काही झालं नाही, मीच थांबवलीत. आता त्यांच्याकडे बघू नका. तो तुकडा काढा."