पण साखर कमी

“बाबा, चहा घेणार?” दादाने आल्या आल्या विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची पलंगाजवळ ओढली. वाट पाहण्यात काही अर्थ नाही, हे आता घरात सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. गाडी खाली उभी होती. शुश्रूषा केंद्रातली खोली आज घेतली नाही तर दुसऱ्या कुणाला जाणार होती.

बाबांनी डाव्या हाताचं बोट कीबोर्डवर टेकवलं. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू नेली, बोलणं नेलं आणि मान अशी थरथरती करून ठेवली की तिच्यावरून होकार-नकार ओळखायची सोय उरली नाही. उरलं ते हे एक बोट. त्याने वाक्य टाइप करायचं आणि टेबलाखालच्या मोठ्या कॉम्प्युटरने ते बोलून दाखवायचं. आवाज मात्र बाबांचाच होता. उमेदीत ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते, आणि नटांच्या पाठांतरासाठी त्यांनी वाचून ठेवलेल्या कॅसेट धाकट्या लेकीने जपल्या होत्या. त्यांतून तिने हा आवाज घडवला. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा दादासुद्धा ढसाढसा रडला होता.

पण गेला महिनाभर बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. विचारावं तर शांतता, आणि मग भलत्याच वेळी भलतंच उत्तर. “पंखा लावू का?” म्हटलं तर म्हणायचे, “कालच येऊन गेला.” नटाची जीभ अडखळायच्या आत शब्द पुरवणाऱ्या माणसाची ही गत बघून धाकटीने शेवटी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी फोनवर तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेंदू थकत चाललाय, हे असंच वाढत जाणार.

धाकटी घरूनच कार्टून फिल्म बनवायची. ती स्वतः लॅपटॉपवर बसायची आणि चित्रं पक्की करण्याचं खरं ओझं त्या मोठ्या कॉम्प्युटरवर टाकायची. त्यात शेड्यूलर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. न्हाव्याच्या दुकानात आता खुर्चीत कोण बसणार, हे कुणीतरी ठरवावं लागतं, तसला तो कारभारी. जुना कारभारी सगळ्यांना थोडं थोडं बसवायचा. त्यापायी फिल्म रखडायला लागली तेव्हा तिने नवा नेमला. मोठं काम एकदा खुर्चीत बसलं की त्याला उठवायचं नाही, किरकोळ मंडळींनी थांबायचं, असा त्याचा खाक्या. फिल्म वेळेवर जाऊ लागली आणि धाकटी स्वतःवरच खूश झाली.

“बाबा,” लॅपटॉपपाशी बसलेल्या धाकटीकडे बोट दाखवत दादा म्हणाला, “हिची किती ओढाताण होते, दिसतंय ना तुम्हाला?”

बोट हललं. स्पीकर गप्प. टेबलाखाली पंखे घोंघावत होते.

दादाने घसा खाकरला. “तिथे नर्स आहे, बाग आहे. तुमची आबाळ होणार नाही. जाल ना तिकडे?”

“हो,” बाबांचा आवाज म्हणाला.

दादाने धाकटीकडे वळून पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, “ऐकलंस? स्वतःच म्हणाले.”

धाकटीला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. बाबांचं बोट कीबोर्डवर ठकठक आपटत होतं. मग त्यांनी पलंगाच्या कठड्यावर हात मारला, पुन्हा पुन्हा मारला. ही चिडचिडही महिनाभरातलीच. “चिडू नका बाबा, मी येत जाईन की,” म्हणत दादाने त्यांचं बोट हलकेच कीबोर्डवरून उचललं आणि खाली थांबलेल्या ड्रायव्हरला हाक मारून दोघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. धाकटी मागून रिक्षाने येणार होती. तेवढी फिल्म पाठवली की ती मोकळी.

ती बाबांचे सदरे घड्या करून पिशवीत भरत होती. एकाएकी टेबलाखालचे पंखे मंदावले. फिल्म पूर्ण झाली होती.

“पण साखर कमी,” बाबांचा आवाज म्हणाला.

तिने दचकून पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा होता. साखरेचं इथे काय? साखर कशात? मग तिला दादाचा पहिला प्रश्न आठवला आणि हातातला सदरा हातातच राहिला. तो होकार चहाला होता.

तिने तोंडावर हात ठेवला. “कालच येऊन गेला” म्हणाले होते, ते पंख्याबद्दल नव्हतं. व्यायाम शिकवणारा आला होता का, हे तिने त्याच्या आधी विचारलं होतं. बाबा एकदाही चुकले नव्हते. त्यांची वाक्यं बाहेर रांगेत उभी होती आणि खुर्चीत तिची फिल्म बसली होती. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपचा पडदा असा अडखळला असता तर तिने आधी कॉम्प्युटरवर संशय घेतला असता. बाप अडखळला तेव्हा तिने बापावर घेतला.

“दिसतं,” आवाज म्हणाला. “म्हणून तर मी हल्ली कमी बोलतो.”

खाली गाडीची डिकी बंद झाल्याचा आवाज आला.

“नाही. तिकडे नको.”

सदरा टाकून ती अनवाणीच जिन्याकडे धावली. “दादा, थांब,” ती कठड्यावरून वाकून ओरडली, पण गाडी सुरू झाली होती. वरच्या उघड्या दारातून, रिकाम्या खोलीतून, बाबा शांतपणे सांगत होते, “थांबा. माझं बोलणं अजून संपलेलं नाही.”