वीस लिटरची टाकी

शिडाच्या बोटीवर संसार थाटून सात महिने झाले, पण गरम पाण्याची आंघोळ काही माझ्या नशिबी नव्हती. रोज आधी नवरा शिट्टी वाजवत आंघोळ उरकायचा आणि माझी पाळी आली की नळाला बर्फासारखं पाणी. "हीटर म्हातारा झालाय गं, एका माणसातच दमतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आज तो शीड शिवून आणायला गेला आणि मी धक्क्यावरच्या इलेक्ट्रिशियन बाईंना बोलावलं. बाई आत उतरल्या त्या मला काही न विचारता थेट पायऱ्यांखालची फळी उचकटून हीटरपाशीच. मीटर लावून कॉइल पाहिली, थर्मोस्टॅट पाहिला.

"हीटरला काही धाड भरलेली नाही. टाकीच वीस लिटरची आहे आणि ते सगळी रिकामी करतात."

मग डब्यांच्या फडताळात, अगदी मागे, त्यांनी हीटरचं एक नवं बटण बसवलं.

"हे एरवी बंदच ठेवायचं. सकाळी सहाला ते शिट्टी वाजवत आत जातील आणि बोंबलत बाहेर येतील. मग चालू करा, पाऊण तासाने तुमची आंघोळ. कुरकुर केलीच तर सांगा, हीटर म्हातारा झालाय."

मी चमकले. "वेळ, शिट्टी... मी तर यातलं काहीच बोलले नव्हते. तुम्हाला कसं माहीत?"



"आठ वर्षं याच बोटीवर त्याच्यामागून गार पाणी अंगावर घेतलंय मी," पकड पिशवीत टाकत बाई म्हणाल्या. "त्याला सोडल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर वायरिंग शिकले."