टांगलेली सायकल

अॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी तळमजल्यावर राहणाऱ्या ट्रुसबाईंना वरच्या फ्लोरिसचा भारी तिटकारा होता. त्यानं कोरी करकरीत सायकल दोरी-कप्पीनं जिन्याच्या छताला टांगली होती. रविवारी ती पुसायचा आणि ऑफिसला मात्र ट्रामनं जायचा.

"सायकल आहे का झुंबर?" ट्रुसबाई जाता-येता टोचत. "पावसात विरघळते वाटतं!"

तो खाली मान घालून निघून जाई.

एका सकाळी सामानाच्या गाडीनं ट्रुसबाईंच्या जुन्या सायकलचं चाक चेपलं, आणि नेमका ट्रामचा संप. शुश्रूषागृहातला त्यांचा नवरा दुपारी फक्त त्यांच्याच हातून जेवायचा. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड मिटून घ्यायचा. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी फ्लोरिसचं दार वाजवलं.

"आजच्या दिवस तुझं ते झुंबर दे बाबा. ओरखडा पडू देणार नाही."

फ्लोरिसनं दोरी सोडली. सायकल हातात येताच ट्रुसबाईंच्या जिभेला पुन्हा धार आली. "संध्याकाळी परत आणते. मग तूही चालव जरा. लाज वाटू दे."

"मला येतच नाही चालवायला, काकू."

 असा माणूस या गावात ट्रुसबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

 

फ्लोरिस दोरी गुंडाळू लागला. "आणि परत आणूच नका. चोरीला गेली म्हणून सांगेन. इथे सगळ्यांचीच जाते. माझी गेली, की मीही या गावचा ठरेन."