वजावटीत न बसणारा माणूस

दगड आला तेव्हा नेमगोंडा शेवटचा घास तोंडात घालत होते. दिवस अजून मावळायचा होता. खिडकीच्या काचा पार ताटापर्यंत आल्या आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"त्योच आला गं," एवढंच ते बोलले.

त्यांची बायको रूपाली भिंतीला टेकली. दहावीतली ब्राह्मी परसातून धावत आली. ती आईबापापेक्षा जास्त थरथरत होती.

"त्यो" म्हणजे भरमा. निपाणीतल्या त्यांच्या दुमजली इमारतीत, रस्त्याच्या बाजूला, त्याचं मोबाईलचं दुकान होतं. नेमगोंडांनी ते रिकामं करून घेतलं तेव्हा भर रस्त्यात तो ओरडला होता, "बघून घेतो तुला, अण्णा!" त्यानंतर दगड सुरू झाले. नेमगोंडा आता खिडकीकडे पाठ करून बसेनासे झाले होते. मोटरसायकल जरा दारात थांबली तरी ते चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत जायचे.

"पोलिसांत जावा की," रूपाली म्हणाली.

"आणि दाखवू काय? काचा?"

"माणूस ठेवा आप्पा," ब्राह्मी म्हणाली. "संध्याकाळचा तरी. तुम्ही दोघं बस्तीत गेला की घर मोकळंच असतंय."

सूर्य मावळायच्या आत जेवण आणि मग बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आरती, हा त्या घरचा नेम होता. अभ्यासासाठी ब्राह्मी मागे राही.

एरवी पेनाच्या रिफिलवरून वाद घालणारे नेमगोंडा त्या दिवशी पटकन हो म्हणाले. भीती लई उदार असते!

मष्णू आला. गुंजी गावचा, लष्करातून निवृत्त, गळ्यात शिट्टी, हातात काठी. नेमगोंडांनी त्याची खुर्ची फाटकापाशी मांडली. ब्राह्मीने ती उचलून जिन्याखाली नेली.

"हितनं फाटकबी दिसतंय आणि परसबी."

"मालक, पोरीला डोकं हाय," मष्णू म्हणाला. "आमच्या सुभेदाराला न्हवतं एवढं."

तो आल्यापासून दगड थांबले. ब्राह्मी पुन्हा गाणी गुणगुणत गणितं सोडवू लागली. नेमगोंडांची झोप मात्र आता मष्णूच्या पगाराने उडवली.

म्हणून ते जिनेंद्रकडे निघाले. जिनेंद्र त्यांचा चुलतभाऊ, कर सल्लागार. एकट्याने बाहेर पडायची हिंमत नव्हती, म्हणून स्कूटरवर मागे ब्राह्मीला घेतलं.

"हे बघ जिनेंद्र. दुकान भाड्यानं दिलं, परत घेतलं म्हणून भाडेकरू चिडला. भाडेकरू चिडला म्हणून दगड. दगड आला म्हणून मष्णू. मग मष्णूचा पगार भाड्यातनं वजा का धरायचा न्हाय?"

"बसत न्हाय अण्णा. घरभाड्यावर सरकार तीस टक्के सरसकट सोडतंय. रंग, डागडुजी, राखणदार, सगळं त्यातच आलं. वेगळी वजावट न्हाय. त्यात ह्यो माणूस तुम्ही इमारतीसाठी न्हाय, स्वतःच्या जिवासाठी ठेवलाय."

"म्हंजे माझा जीव त्या तीस टक्क्यात घातला व्हय रं?"

"न्हाय. जीव बाहेरच ठेवलाय."

जिनेंद्र स्वतःच्या विनोदावर हसला. ब्राह्मी पुढे सरकली. "काका, काय तरी कलम असंल की. परत एकदा बघा ना. बघा ना!"

तिचा आवाज असा फुटला, की जिनेंद्रने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला. "बापाची लई काळजी करतीय पोर."

घरी आले तर वरच्या खोलीतला भाडेकरू ओमकार जिन्यात उभा. बँकेतली नोकरी, भाडं वेळच्या वेळी, बोलणं मऊ. नेमगोंडांनी त्याला सगळं सांगितलं.

"मग खर्च कशाला करता अण्णा?" ओमकार म्हणाला. "मी संध्याकाळी घरीच असतो. तुम्ही बस्तीत गेलात की खाली येऊन बसत जाईन. घराकडं लक्ष राहील, ब्राह्मीचं गणितबी घेईन."

नेमगोंडांना भरून आलं. "असा भाडेकरू मिळायला पुण्य लागतंय बाबा. मष्णूला उद्यापास्नं नको म्हणून सांगतो."

"आप्पा, नको!" ब्राह्मीने त्यांचा दंड धरला. "मष्णूमामाच पायजे. भरमा परत आला तर? तुमास्नी काय झालं म्हंजे?"

"ओमकार हाय की गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्राह्मीने ताट अर्ध्यावरच सरकवलं.

"मीपण येते आज बस्तीत," ती म्हणाली.

"अडचण हाय न्हवं तुला? देवळात कशी येणार?" रूपालीने निरांजनाचं ताट उचललं. "आणि भ्यायचं काय त्यात? सोबत हाय की आज."

अंगणात, पगाराचा हिशेब करायला आलेल्या मष्णूने मालकांनीच दिलेली शिट्टी गळ्यातून काढून नेमगोंडांच्या हातावर ठेवली. वरून आवाज आला, "निवांत जावा अण्णा, आलोच खाली."

"परसातला नळ बंद करून येते," म्हणत ब्राह्मी आत गेली.

रूपाली फाटकापर्यंत पोचली असेल नसेल, मागच्या खिडकीची काच खळ्ळकन फुटली.

नेमगोंडांच्या हातातली शिट्टी पडली. मष्णू काठी घेऊन परसाकडे धावणार, तेवढ्यात त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. "मला सोडून जाऊ नगंस! बस हितंच. कायमचा बस. वजावट गेली खड्ड्यात!"

ओमकार अर्ध्या जिन्यात थांबला होता. "काय झालं अण्णा? येऊ का?"

"नगं बाबा, तू वरच थांब, तुला लागंल. मष्णू हाय हितं."

मष्णूने खुर्ची पुन्हा जिन्याखाली ओढली आणि पायरीवर काठी आडवी ठेवली. ओमकारच्या चपला क्षणभर तिथेच राहिल्या, मग एकेक पायरी वर गेल्या. त्याचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे परसात उभ्या ब्राह्मीने मुठीतला दुसरा दगड हळूच खाली टाकला.