साजगावच्या हाताला बँकॉकचं औषध

वेदनेला देश नसतो, असं थोर लोक म्हणतात. झाकीरभाईंच्या वेदनेला मात्र व्हिसा काढावा लागला.

साजगावच्या कारखान्यात त्यांचा उजवा हात तुटला, रीतीप्रमाणे कब्रस्तानात पुरला गेला आणि तरीही जळत राहिला. जळजळ वाढली की धाकटा भाऊ झुहेब त्या मातीवर पाणी ओतून येई.

बँकॉकच्या डॉक्टरांनी नसेचं दुखणं शमवायला डोक्याशी चुंबक धरलं. टक, टक. नर्सने धरलेल्या फोनमध्ये कब्रस्तानात बादली घेऊन उभा झुहेब दिसत होता.

“भाई, तिकडं टक झालं की इथं पाण्याला बुडबुडा येतो.”

“मुंग्यांचं बीळ असंल रं.”

चुंबक थांबलं. झाकीरभाईंचं दुखणं पहिल्यांदाच पूर्ण गेलं होतं.

फोनमधले बुडबुडे थांबले नव्हते. आता वाफही येत होती.

“भाई, बस करा,” झुहेब म्हणाला.

उपचाराच्या पॅकेजमधल्या बऱ्याच बैठका अजून बाकी होत्या.