खिडकीसमोरचं हेलेबोर

"कुणाचा विश्वास बसणार नाही एमॉस, पण आज आणखी दोन उमलली!" हेस्टरने पलंगाशी चहा ठेवला आणि पडदा सारला. "एवढ्या बर्फात! कावळा लाजेल इतकी काळी."

एमॉसने कष्टाने मान वळवली. बाहेर काळीजांभळी फुलं ताठ उभी होती.

"माझा थापांचा धंदा तू कधी घेतलास?" तो म्हणाला, पण बघत राहिला.

थापांत गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वर्षानुवर्षं रोपं निवडत त्याने हेलेबोर या ऐन हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडाचं हे काळं वाण उभं केलं, तेव्हा पबमध्ये त्याने शपथेवर सांगितलं होतं, की ते बघून पाद्र्याची बायको सुतकाचे कपडे घालायला घरी पळाली. वाणाला नाव मात्र त्याने स्वतःच्या बायकोचं दिलं. जगात त्याचं एकच झाड. अर्धांगवायूने तो पडला आणि डॉक्टर म्हणाले, याला वसंत काही दिसायचा नाही. एमॉस म्हणाला, वसंत गेला खड्ड्यात, फेब्रुवारीत माझी हेस्टर फुललेली दिसली की पुरे.

आणि ते झाड हेस्टरने मारलं होतं.

मायेनेच मारलं. नाताळात थंडी कडाडली, तेव्हा तिने झाडाच्या गळ्यापर्यंत शेणखत लावलं, लेकराला दुलई पांघरावी तसं. हेलेबोरचा गळा उघडा राहावा लागतो, नाहीतर झाड कुजतं, हे तिला ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी खत बाजूला सारलं, तर हाताला नुसता लगदा लागला.

मग तिने आपली चर्चची मखमली टोपी कापली. पाकळ्या केल्या, तारेत ओवल्या आणि तो झोपेत असताना जमिनीत खोचल्या. रोज थोड्या थोड्या. कुंपणापलीकडून मेव्हिस शेजारीण म्हणालीच, "रविवारी टोपीशिवाय आलीस ती? देवाला केस दाखवायला?"

"हो, उरलेत तोवर बघून घेईल बिचारा."

नवी दोन उमलली त्याच दुपारी पाऊस लागला. फुलांचा रंग सुटला आणि बर्फावर जांभळे ओघळ उतरू लागले. हेस्टर पडद्याकडे धावली.

"राहू दे," एमॉस म्हणाला. "हेलेबोरचं फूल मान खाली घालतं गं. त्याचं तोंड बघायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. तुझी तर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे टक लावून बघताहेत."

ती पलंगाच्या कडेवर मटकन बसली. "मी मारलं एमॉस. तुझं एकुलतं एक झाड, मी..."

"गप, वेडे. ते माझं खरं झाड नव्हतंच." त्याने खिडकीकडे नजर वळवली. "खऱ्याच्या पानांवर काळे ओरखडे उठले होते. तो रोग लागला की जाळायचं, दुसरा इलाज नाही. तुझ्या नावाचं झाड, तुला सांगू कसं? म्हणून त्या जागी बाजारातलं साधं आणून लावलं. तू मारलंस ते हे बाजारातलं. तुझं मीच खणलं, याच हातांनी, आणि शेडमागे जाळलं. ऑक्टोबरात."

हेस्टरच्या छातीवरचा धोंडा सरकला. कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास आला. तिने डोळे पुसले, त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघितलं.

"ऑक्टोबरात?" ती म्हणाली. "एमॉस, ऑक्टोबरात तुझ्या हातात चमचा राहत नव्हता."