सांभाळून पाड

“प्रभू, या माणसाला निवडणुकीत पाड,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि चर्चमधले सगळे मिटलेले डोळे खाडकन उघडले.

‘हा माणूस’ पहिल्याच बाकावर बसला होता. शहराचे महापौर. तिसऱ्यांदा उभे होते. मतदान आठवड्यावर आलं होतं, म्हणून फोटोग्राफरला घेऊन उपासनेला आले होते. शेजारी त्यांची बायको. चौकाचौकातल्या फलकांवर नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून हसणारी ती हीच. या क्षणी मात्र तिची हनुवटी छातीला टेकली होती.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. प्रार्थनेला उभं राहिलं की त्यांना फक्त एकाशीच बोलायचं असे.

“लहानपणी याला मीच रविवारच्या शाळेत शिकवलंय. गुणी पोरगं होतं. आज दारात विचारलं, कसा आहेस रे? तर म्हणतो, जनतेच्या आशीर्वादानं उत्तम! प्रभू, हा आता माणसांशी बोलतच नाही, नुसती भाषणं करतो. खुर्चीनं गिळलंय याला. तेव्हा याला पाड. पण सांभाळून पाड. कुठे लागू देऊ नकोस. आमेन.”

पुढे ‘आमेन’ म्हणावं की नाही, कुणाला कळेना. मागच्या बाकावरचे बहिरे आजोबा तेवढे सवयीनं म्हणाले, तेही खणखणीत आवाजात.

महापौर फोटोसाठी हसतात तसं हसले आणि उपासना संपायची वाट न बघता बाहेर पडले. बायको मागोमाग निघाली. तिनं रुमालात तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. बाईंनी ते पाहिलं. 

उपासनेनंतर चर्चच्या पाळकसाहेबांनी बाईंना मागच्या खोलीत गाठलं.

“बाई, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, एवढंच सांगितलं होतं ना मी?”

“मग मी काय शेजारणीसाठी केली?”

“त्यांच्यासाठी म्हणालो होतो. त्यांच्याविरुद्ध नाही!”

“त्याच्यासाठीच केली,” बाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी पित्ताची गोळी शोधली.

गायनवृंदातल्या कुणीतरी सगळं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचलं. एकानं त्याला ठेका जोडला. दुसऱ्यानं टी-शर्ट छापले : ‘सांभाळून पाड’. टीव्हीवर चार तज्ज्ञ एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. प्रार्थनेनं आचारसंहितेचा भंग होतो का, असा विषय होता. झालाच असेल तर नोटीस बाईंना द्यायची की थेट वर, यावर गाडी अडली होती.

विरोधी उमेदवार फुलांचा गुच्छ घेऊन दारात हजर झाले. वकील होते, हात जोडूनच बोलत.

“बाई, आमच्या फलकावर तुमचा फोटो लावू द्या. देव आमच्या बाजूला आहे, हे लोकांना कळू दे.”

“तो कुणाच्या बाजूला बसत नाही रे. आणि तू निवडून आलास, की तुझ्यासाठीही मी प्रार्थना करणारच आहे.”

“काय मागाल?”

“ते तू कसा वागतोस त्यावर.”

वकिलांनी गुच्छ ठेवला आणि काढता पाय घेतला.

खोटं कशाला बोला, बाईंना हे सगळं गोड लागत होतं. किराणावाला उठून उभा राहू लागला. बसमध्ये पोरं जागा देऊ लागली, फोटो काढू लागली. बाई घराबाहेर पडण्याआधी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळू लागल्या.

मग निकाल लागला. महापौर पडले.

बाईंच्या खिडकीखाली ढोल वाजायला लागले. “मास्तरीणबाईंचा विजय असो!” बाईंनी खाली वाकून पाहिलं. पोरांनी महापौरांचा भलामोठा फलक फाडून रस्त्यावर अंथरला होता आणि त्यावर ते नाचत होते. नाचता नाचता त्यांचे बूट महापौरांच्या बायकोच्या हसऱ्या चेहऱ्यावर पडत होते.

‘मी पाडायला सांगितलं होतं,’ बाईंच्या मनात आलं, ‘तुडवायला नाही.’

त्यांनी खिडकी लावून घेतली. रात्रीचं ताट तसंच राहिलं. त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या, पण शब्द सुचेना. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या महापौरांच्या घरी गेल्या. एरवी जिथे गाड्यांची रीघ लागायची तिथे एक मांजर पसरलं होतं. बाईंनी दोनदा हात बेलपाशी नेला आणि मागे घेतला. तिसऱ्यांदा वाजवली. दार बायकोनंच उघडलं. केस विस्कटलेले, पायांत काही नाही.

दार तोंडावर आपटायच्या आत बोलून घ्यावं म्हणून बाई घाईघाईनं म्हणाल्या, “पोरी, मी माफी मागायला आलेय. भर चर्चमध्ये तुझ्या डोळ्यांत पाणी आणलं मी.”

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि बाईंना हाताला धरून आत नेलं. कोचावर माजी महापौर आडवे झाले होते. तोंड उघडं, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. घोरण्यानं टीपॉयवरचा कप किणकिणत होता.

“कालपासून झोपलेत,” ती कुजबुजली. “सकाळी उठून स्वतः चहा केला. मलाही दिला. साखर विसरले. पुन्हा झोपले.”

बाईंनी त्या मोज्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

“म्हणजे तू माझ्यावर रागावली नाहीस?”

“तुमच्यावर नाही, देवावर रागावलेय,” ती म्हणाली. “तुमचं आठवड्यात ऐकलं त्यानं, आणि मी यांच्या पहिल्या निवडणुकीपासून हेच मागतेय!”